दुधाचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला एक कॅलेंडर टांगलेलं असतं. दरवर्षी कॅलेंडर नवं येतं, खिळा तोच. त्यावर एकादशी, प्रदोष, शाळेच्या सुट्ट्या सगळं छापलेलं असतं, पण आमच्या घरात ते मुख्यतः दुधासाठी. ज्या सकाळी दूध आलं नाही त्या तारखेवर फुली मारायची. त्या दिवसाला खाडा म्हणायचं. लग्न होऊन चाकूरला आले तेव्हा सासूबाईंनी मला चूल दाखवायच्या आधी हा खाडा दाखवला, असं मी माहेरी सांगायची आणि सगळ्यांना हसवायची. आता त्या फुलीवर मला हसू येत नाही.

लेक सहा वर्षांची होती. दुपारची वेळ, मी तिला घेऊन दुकानात डबा पोचवायला गेले होते. आमचं भांड्यांचं दुकान आहे. ती पातेल्यांच्या चळतीजवळ बसून झाकणं जोडत होती. अचानक तिची मान उजवीकडं वळायला लागली, सावकाश, कुणी हाक मारल्यासारखी. मीही तिकडं बघितलं, कोण आलंय म्हणून. तेवढ्यात तिचा उजवा हात ताठ झाला, तोंड वाकडं झालं आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. चळत कोसळली. त्या आवाजात मी काय ओरडले ते मला आठवत नाही. एका गिऱ्हाइकानं आपली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. मला वाटलं, लेक गेली. सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल असं यांनी नंतर सांगितलं. मला कुणी विचारलं असतं तर मी अर्धा तास म्हणाले असते.

घरी आणल्यावर सासूबाईंनी तिच्या कपाळाला विभूती लावली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती जागी होईपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. नंतर मला आत बोलावून म्हणाल्या, "चक्कर आली म्हणायचं. त्याचं नाव घ्यायचं न्हाई. पोरीची जात हाय, झाकली मूठ सव्वा लाखाची." माझं बी.ए. झालेलं आहे. मी त्यांच्याशी भांडायला पाहिजे होतं. एरवी मी चहात साखर कमी पडली तरी भांडते. त्या दिवशी मात्र मला त्यांचं म्हणणं पटलं. नाव घेतलं नाही तर ते परत येणार नाही असं मलाही वाटत होतं.

ते परत आलं. गावातल्या डॉक्टरांना आम्ही चक्कर सांगितली, त्यांनी चक्करीचं औषध दिलं. लाल टॉनिक, जेवणानंतर दोन चमचे. त्यांची काय चूक? तिसऱ्या वेळी ती आंघोळीच्या दगडावर पडली आणि भुवईला टाका घालावा लागला, तेव्हा यांनी ठरवलं की मोठ्या दवाखान्यात दाखवायचं. लातूर आम्हाला जवळ. पण लातूरच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर आमचं एक तरी सोयरं बसलेलं असतंच. म्हणून आम्ही उलट्या बाजूची गाडी धरली आणि अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो. लांबचा दवाखाना आम्ही कशासाठी निवडला हे तिथं कुणी विचारलं नाही.

तिथं एक सिस्टर टॅबलेट घेऊन बसायची. टॅबलेट म्हणजे पाटीएवढा कॉम्प्युटर. सासूबाईंना घरी सांगितलं की टॅबलेट बघून औषध ठरवतात, तर त्या म्हणाल्या, मग डॉक्टर काय बघून ठरवतो? तसं चेष्टेवारी नेलं, पण त्या यंत्राची मला धास्ती बसली. त्यात लहान मुलांच्या फिटचा एक प्रोग्राम होता. सिस्टर एकेक प्रश्न मराठीत वाचायची, आपण सांगायचं, ती बोट लावायची. मान कुठल्या बाजूला वळते? आधी हात की आधी सगळं अंग? झोपेत की जागेपणी? ताप होता का? नंतर हातात जोर कमी वाटतो का? इतकं मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. उत्तरं देता देता मला कळलं की ती मान, तो हात मी किती नीट बघून ठेवला होता. शेवटी एक प्रश्न आला, शाळेत सांगितलं आहे का? मी म्हणाले, "हो." सिस्टरनं त्यावर बोट लावलं. यंत्रानं विश्वास ठेवला.

मग पडद्यावर आजार किती जोरात आहे ते रंगानं दाखवणारी पट्टी आली आणि खाली औषधाचं नाव, वजनाप्रमाणं किती, किती दिवसांनी वाढवायचं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ते वाचलं, लेकीला चालायला लावलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मगच सही केली. मी धीर करून विचारलं, हे सगळं यंत्रच ठरवतं का? त्या म्हणाल्या की ते फक्त सुचवतं, काही विसरू नये म्हणून आठवण करून देतं, ठरवायचं त्यांनाच असतं. पण तुम्ही जे सांगाल त्यावरच ते आणि मी दोघं चालणार, असंही म्हणाल्या. हे वाक्य मी त्या वेळी कानाआड केलं.

येताना त्यांनी एक छापील तक्ता दिला. बारा महिन्यांचे चौकोन, ज्या दिवशी फिट येईल त्या चौकोनात फुली मारायची आणि पुढच्या वेळी घेऊन यायचा. वर ठळक अक्षरात छापलेलं, फिट नोंद तक्ता. तो भिंतीला लावायचा होता. आमच्या भिंतीला! आमच्याकडं दिवसातून दहा बायका येतात, कुणी विरजण मागायला, कुणी नुसती बोलायला. सासूबाईंनी तो घडी करून कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. मग मी माझी अक्कल चालवली. मी फुल्या दुधाच्या कॅलेंडरवर मारायला लागले. बघणाऱ्याला वाटणार, दुधाचा खाडा. खरे दुधाचे खाडे मी लक्षात ठेवायची, तसेही ते महिन्यात एखादाच. यांना सांगून ठेवलं की फुली दिसली की ती फिटची समजायची. आम्ही दोघं बोलतानाही तसंच बोलायला लागलो. दुपारी यांचा फोन आला की मी म्हणायची, आज खाडा झाला. समोर कुणी बसलेलं असलं तरी फिकीर नाही. इतकी सोय झाली की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायला लागलं.

सासूबाईंना मात्र हे सांगितलं नाही. त्यांच्यासमोर तो विषयच निघत नव्हता, तर सांगणार कसं?

औषध लागू पडलं. चार महिन्यांत दोनच फुल्या. मी रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला तिला गोळी द्यायची, आणि तरी कुठं भांडं पडल्याचा आवाज आला की हातातलं टाकून तिला शोधायला पळायची. भीती गेली नव्हती. ती फक्त शेजारी येऊन बसली होती.

मग उदगीरला माझी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि मी तीन आठवडे माहेरी राहिले. लेकीची परीक्षा होती म्हणून ती घरीच राहिली. यांचा रोज फोन यायचा. माहेरच्या फोनवर चार कान असतात म्हणून मी फक्त विचारायची, सगळं ठीक? हे म्हणायचे, ठीक. आठव्या-दहाव्या दिवशी त्यांचा आवाज मला खोल गेल्यासारखा वाटला. मी म्हटलं, दुकानाची दगदग असेल.

परत आले तेव्हा ते मला स्टँडवर घ्यायला आले होते. गाडीला किक मारायच्या आधीच त्यांनी सांगितलं की फोनवर तुला कळवलं नाही, पण तू गेल्यावर नऊ खाडे झाले. घाबरून त्यांनी पोरीला नांदेडला नेऊन आणलं होतं. कॅलेंडरचा फोटो काढून नेला होता. सिस्टरनं अकरा फुल्या टॅबलेटमध्ये भरल्या, दोन आधीच्या, नऊ नव्या. पट्टी लाल झाली. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, खरंच अकरा का? हे म्हणाले, घरात एकेक लिहून ठेवतात. मग पहिलं औषध वाढवलं आणि दुसरं सुरू केलं. हे सगळं मी रस्त्यात उभी राहून ऐकलं.  मी गेले आणि नऊ वेळा आलं. मी नव्हते म्हणूनच आलं, असं माझं मन म्हणायला लागलं.

घरी लेक भिंतीला हात लावत लावत माझ्याकडं आली. एरवी पळत येऊन पोटाला डोकं धडकवणारी पोरगी. तिनं माझ्याकडं बघितलं, मग जरा बाजूला बघितलं आणि म्हणाली, "मम्मी, तू दोन दिसून राहिलीस." जेवताना ताटावरच तिचा डोळा लागला. मी घास भरवायला गेले तर तोंडात तसाच धरून ठेवला. दुसरा सगळा दिवस ती झोपून होती. मी तिच्याशेजारी बसून तिचा श्वास मोजत होते. मला वाटलं, आजार डोक्यात पसरला. आता ही शाळेत जाणार नाही, चालणार नाही, एक दिवस मला ओळखणारही नाही. सासूबाई उंबऱ्यात बसून जपमाळ ओढत होत्या आणि आम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हतो. इतकी भीती मी आयुष्यात पुन्हा कधी अनुभवली नाही, आणि देव करो, अनुभवायला न लागो.

तिसऱ्या सकाळी सातच्या सुमारास दूधवाला आला. मी पातेलं घेऊन दारात गेले. तो ओशाळून म्हणाला, "वैनी, मागं नऊ दिवस खाडा पडला. म्हस आटली होती, मग दुसरी आणली. आज्जीनं फुल्या मारल्याच असतील."

मी पातेलं धरून तशीच उभी राहिले. दूध ओतून तो गेलाही. नऊ. मी आत आले, कॅलेंडरसमोर उभी राहिले. नऊच्या नऊ फुल्या ओळीनं होत्या, एकही दिवस न सोडता. आमच्या लेकीची फिट कधीच अशी शिस्तीत आली नव्हती. आणि फुल्या मोठ्या होत्या, चौकोनाबाहेर जाणाऱ्या, थरथरत्या हाताच्या. मी सासूबाईंना विचारलं, या कुणी मारल्या?

त्या म्हणाल्या, "मी. दूध न्हाई आलं की पाकिटाचं आणायचं अन् फुली मारायची. तूच तर मारतीस."

मी यांना हाक मारली. ते दाढीला साबण लावलेलेच आले. मी सांगितलं तसे ते फ्रीजला टेकून खाली बसले. हनुवटीवरचा साबण हातानं पुसला. मग म्हणाले, "मी आईला रोज विचारत होतो, पोरगी बरी हाय का. ती म्हणायची, बरी हाय. मला वाटलं, जाताना तू तिला फुलीचं सांगून ठेवलं असशील, अन् ती माझ्यापासून लपवून राहिली." दहा दिवस हा माणूस नऊ फिट मनात घेऊन दुकानात गिऱ्हाइकांना पातेली दाखवत होता. सासूबाई खरं सांगत होत्या, पण आमच्या घरात बरी हाय या शब्दांना काही किंमतच उरली नव्हती. ती आम्हीच घालवली होती.

पावणेआठ झाले. आठची गोळी द्यायची होती. वाढवलेली एक आणि ती नवी एक. माझ्या तळहातावर दोन्ही गोळ्या होत्या. आता मला माहीत होतं की यातली दुसरी गोळी आणि पहिलीचा वाढीव भाग दुधाच्या खाड्यांवर दिलेला आहे. देऊ नये? पण दवाखान्याच्या कागदावर सगळ्यात खाली छापलेलं होतं, आपल्या मनाने औषध कमी करू नये, एकदम बंद करू नये, जोराची फिट येऊ शकते. दवाखान्याचा फोन साडेनऊच्या आधी कुणी उचलत नाही. मी तीनदा लावला. दिली तर पोरगी आणखी गुंगणार, नाही दिली तर काय होईल ते भांड्यांच्या चळतीजवळ मी बघितलेलं. हे म्हणाले, तू ठरव.  मी तिला उठवून बसवलं. तिनं डोळे न उघडता तोंड उघडलं, कारण आईच्या हातात काय आहे हे तिनं कधी विचारलेलं नव्हतं. मी दोन्ही गोळ्या दिल्या. त्या गिळताना तिचा गळा हलला तो मला अजून दिसतो.

साडेनऊला आम्ही गाडीतच होतो तेव्हा फोन लागला. सिस्टर म्हणाली, दिलीत ते बरं केलंत, काही कमी करू नका, सरळ घेऊन या. लोह्यापर्यंत लेक माझ्या मांडीवर झोपलेली आणि मी तिच्या उजव्या हातावर माझा हात ठेवून बसलेली. हात ताठ व्हायला लागला तर आधी मला कळावं म्हणून.

दवाखान्यात बाकडी भरलेली होती. डॉक्टरीणबाईंनी लेकीला तपासलं, रक्त काढायला सांगितलं आणि आमची सगळी हकीकत ऐकून घेतली. त्या रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या की यातली एक तरी फिट तुम्ही स्वतः बघितली का, हे मी तुमच्या मिस्टरांना विचारायला पाहिजे होतं. यंत्रानं अंक विचारला, मीही अंकच विचारला. मग त्यांनी सिस्टरला नोंद दुरुस्त करायला सांगितली. त्या प्रोग्राममध्ये जुनी नोंद पुसता येत नाही. बदलता येते, पण बदलाचं कारण लिहावं लागतं. तो रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पानच उघडत नाही. सिस्टरनं विचारलं, कारण काय लिहू?

मी हळूच म्हणाले, नजरचूक लिहा. बाकावरच्या बायका ऐकत होत्या. त्यातली एक अहमदपूरची असल्याचं मघाशीच कळलं होतं, आणि अहमदपुरात आमच्या सोयऱ्यांची दोन घरं आहेत. डॉक्टरीणबाई आत निघाल्या होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, "नजरचूक तर नाही ना? खरं कारण कळलं नाही तर पुढच्या वेळी तुम्ही आणलेल्या अंकावर मी औषध कसं ठरवू?"

माझ्या मांडीवर लेकीचं डोकं होतं, तोंडातून लाळ गळत होती. मी ती पदरानं पुसली आणि चांगली मोठ्यानं सांगितलं, "लिहा, आमच्या घरात फिटचं नाव घेत न्हाईत. म्हणून मी फिट दुधाच्या खाड्यात मांडत होते."

सिस्टर नांदेडचीच. तिला खाडा समजावून सांगावा लागला नाही. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि टाइप करायला लागली. अकराचे दोन झाले आणि लाल पट्टी पिवळी झाली. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. मला भीतीच वाटली. एका फुलीचा अर्थ बदलला तर एवढं सगळं बदलतं आणि ती फुली मारणारी मी. अहमदपूरची बाई शेजारी सरकली आणि तिच्या मुलाला कधीपासून येते ते सांगायला लागली, मी काही विचारलं नसताना.

औषध एकदम कमी केलं नाही. दोन दोन आठवड्यांनी पायरी पायरीनं उतरवलं. ते उतरेपर्यंत महिन्यावर दिवस गेले आणि त्यातला एकही दिवस मी निवांत झोपले नाही. साड्यांखालचा तक्ता सासूबाईंनीच बाहेर काढला. खिळा मात्र त्यांनी दुसरा ठोकायला लावला, दुधाच्या खिळ्याला तो टांगू दिला नाही. पण हे नंतरचं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत, लोहा सोडल्यावर, लेक जरा वेळ जागी झाली. खिडकीकडं बघत होती. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "मम्मी, खाडा झाला की मी कुठं जाते?"

मला आधी समजलं नाही. मी विचारलं, कुठं जाते म्हणजे? ती म्हणाली की दूध येत नाही त्या दिवशी दुधाचा खाडा, बाई शाळेत येत नाहीत त्या दिवशी बाईंचा खाडा. मग माझा खाडा होतो तेव्हा मी आलेली नसते ना? मग मी कुठं असते?

इतके महिने ती हे ऐकत होती. आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे कान चुकवत होतो आणि घरातले दोन कान आमच्या लक्षातच नव्हते. आपण मधूनमधून नसतो, आणि कुठं जातो ते मम्मीला माहीत आहे पण ती सांगत नाही, असं ती सात वर्षांची पोरगी मनात धरून बसली होती. तिला किती भीती वाटली असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. मी माझ्याच भीतीत होते.

मी म्हणाले, "कुठं न्हाई जात. तू तिथंच असतीस, माझ्यासमोर. तुला फिट येते. त्याला फिट म्हणतात."

पुढच्या सीटवरच्या बाईनं मान वळवून आमच्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघत राहिले, ती पुढं वळेपर्यंत. लेकीनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग विचारलं, "शाळेत सांगू?"

मला भीती वाटली. मी म्हणाले, "सांग."